जुन्या बुलेटसाठी नवे टायर निवडताना: नवख्या मालकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट विकत घेणाऱ्याचे लक्ष आधी इंजिनाच्या आवाजाकडे जाते, मग टाकीच्या रंगाकडे आणि कागदपत्रांकडे. टायरकडे ते वळते ते बहुधा पहिल्या पावसात, घाटातल्या एखाद्या वळणावर मागचे चाक जरासे सरकल्यावर. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. सुमारे १६५ किलो वजनाची ही गाडी, तिच्यावरची दोन माणसे आणि सामान असा सगळा भार रस्त्याला टेकतो तो तळहाताएवढ्या दोन ठशांवर, आणि जुन्या ड्रम ब्रेकची जी काही ताकद आहे तीही त्या ठशांतूनच रस्त्यापर्यंत पोहोचते. ते ठसे चांगल्या रबराचे नसतील तर इंजिनावर केलेला खर्च चालवताना उपयोगी पडत नाही.

मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधल्या रेडिच येथील मूळ रॉयल एनफील्ड कंपनी यांनी १९५५ मध्ये एनफील्ड इंडियाची स्थापना केली. मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातून पुढची अनेक दशके जी बुलेट ३५० बाहेर पडली, ती या लेखात प्रामुख्याने डोळ्यांसमोर आहे, कारण आपल्याकडे जुनी आणि जड मोटारसायकल म्हटली की दहातल्या बहुतेक जणांच्या दारात तीच उभी असते. तुमची गाडी दुसरी असेल तर आकडे बदलतील, पायऱ्या बदलणार नाहीत.

पहिली पायरी: जुना टायर खरोखर संपला आहे का, ते पाहा

रोजच्या वापरातल्या गाडीचा टायर झिजून संपतो. हौसेने ठेवलेल्या जुन्या गाडीचा टायर मात्र झिजण्याआधी वयाने संपतो, आणि नेमके हेच नव्या मालकाच्या लक्षात येत नाही. वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या टायरवर नक्षी भरपूर शिल्लक असते. पण ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांमुळे रबर कडक होत जाते, त्याची लवचिकता जाते, आणि दिसायला कोरा वाटणारा टायर ओल्या रस्त्यावर पकड देत नाही.

तपासणी अशी करावी. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागच्या टायरमधली हवा निम्मी कमी करा आणि दोन्ही अंगठ्यांनी टायरची बाजूची भिंत दाबून वाकवा. भिंत वाकली की एरवी न दिसणाऱ्या बारीक भेगा उघडतात. त्या प्रामुख्याने तीन ठिकाणी शोधायच्या: रिमला लागून असलेल्या कडेजवळ, बाजूच्या भिंतीवर कोरलेल्या अक्षरांभोवती आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी. खाचेच्या तळाशी भेग असेल तर पुढे विचार करण्यासारखे काही उरत नाही; टायर बदलावा. भिंतीवर कोठे फुगवटा आला असेल, तर आतले नायलॉनचे धागे तुटले आहेत, असे समजून ती गाडी टायर बदलेपर्यंत चालवू नये.

टायरवर निर्मितीची तारीख चार आकड्यांत असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २३१९ असे असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे, आणि गोदामातून किंवा संग्रहातून आलेल्या गाड्यांवर असे टायर अजूनही सापडतात. पाच-सहा वर्षांनंतर टायरची दरवर्षी नीट पाहणी करावी आणि दहा वर्षे झाली की नक्षी कितीही असो, तो उतरवावा.

झीज तपासताना खाचांच्या तळाशी मुद्दाम ठेवलेले उंचवटे पाहावेत. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरला किमान ०.८ मिलिमीटर खोलीची नक्षी लागते, पण ती कायद्याची तळरेषा आहे. कोकणात किंवा सह्याद्रीच्या घाटांत पावसाळ्यात गाडी चालवायची असेल तर मे महिन्याच्या अखेरीस दोन मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी उरलेला टायर मी ठेवणार नाही, कारण चाकाखालचे पाणी बाजूला सारण्याचे काम त्या खाचाच करतात. महामार्गावर सरळ खूप चाललेला मागचा टायर मध्यभागी सपाट होतो आणि त्याला दोन्ही बाजूंना धार येते. वळणावर गाडी त्या धारेवरून पलीकडे जाताना एकदम कलल्यासारखी वाटते. असा टायर नियमात बसत असला तरी घाटात त्रासदायक ठरतो.

दोन्ही टायर एकदमच बदलणे सर्वांत चांगले. एकाच टायरचे पैसे हातात असतील आणि दोन्ही जुने असतील, तर आधी पुढचा बदलावा. आपल्याकडे नेमके उलटे होते: मागचा लवकर झिजतो म्हणून तो दोनदा बदलला जातो आणि पुढचा पंधरा वर्षांचा तसाच फिरत राहतो. मागचे चाक सरकले तर सावरायला थोडा अवकाश मिळतो. पुढचे सरकले तर बहुतेक वेळा गाडी खाली जाते. मागचा अर्धा झिजलेला टायर काढून पुढे चढवण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही मानू नये.

दुसरी पायरी: माप वाचा, आणि ते रिमवरूनही पडताळा

बुलेट ३५० च्या दोन्ही चाकांना मूळ माप ३.२५-१९ असे आहे. यातला ३.२५ हा टायरच्या रुंदीचा इंचांतला आकडा आणि १९ हा रिमच्या व्यासाचा. या जुन्या इंची पद्धतीत टायरची उंची त्याच्या रुंदीइतकीच धरली जाते, त्यामुळे टायर चढवलेल्या चाकाचा एकूण व्यास १९ अधिक दोन वेळा ३.२५, म्हणजे २५.५ इंच किंवा सुमारे ६४८ मिलिमीटर येतो. बुलेट ५०० च्या पुढच्या चाकाला हेच माप असते, पण मागच्या चाकाला ३.५०-१९ असते.

दुकानात आज इंची मापांबरोबर ९०/९०-१९ किंवा १००/९०-१९ अशी मिलिमीटरमधली मापेही दिसतील. यात पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, आणि दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंची आहे ते सांगणारा. हिशेब करून पाहू. ९०/९०-१९ या टायरची उंची ८१ मिलिमीटर. तिच्या दुपटीत, म्हणजे १६२ मध्ये, १९ इंचांचे ४८२.६ मिलिमीटर मिळवले तर व्यास ६४४.६ मिलिमीटर, म्हणजे मूळ मापाच्या जवळजवळ इतकाच. १००/९०-१९ चा व्यास सुमारे ६६३ मिलिमीटर, म्हणजे तो ३.५०-१९ च्या जवळ जातो, कारण त्याचा व्यास २६ इंच, अर्थात ६६० मिलिमीटर असतो. एवढा साधा हिशेब कागदावर मांडता आला की दुकानदाराच्या ‘बसेल की, काही होत नाही’ या उत्तरावर अवलंबून राहावे लागत नाही.

आधी चढवलेला टायर पाहून माप ठरवू नका. जुन्या गाड्यांची रिम मधल्या काळात कोणीतरी बदललेली असू शकते. मागच्या चाकाला १८ इंची रिम बसवलेल्या जुन्या बुलेटही रस्त्यावर आहेत. नव्या क्लासिक ३५० च्या मागच्या चाकाचा व्यास १८ इंच असल्यामुळे ‘बुलेटचा मागचा टायर’ एवढेच सांगून मागवलेला टायर घरी आल्यावर बसत नाही, असा प्रसंग अनेकांवर येतो. रिमवर ठोकलेले माप शोधा. मूळ रिमवर सहसा डब्ल्यूएम २-१९ अशा धर्तीची खूण असते. डब्ल्यूएम २ म्हणजे कडांमधली आतली रुंदी १.८५ इंच. हा आकडा लक्षात ठेवा, तो चौथ्या पायरीला लागणार आहे.

तिसरी पायरी: भार आणि वेग

मापानंतर टायरवर ५४पी असे काहीतरी छापलेले असते. अक्षर वेगमर्यादेचे: पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०. जेमतेम १८ अश्वशक्तीच्या ३४६ सीसी इंजिनाला पी पुरून उरते. एच अक्षराचा टायर अधिक महाग असला तरी बुलेटसाठी केवळ त्यामुळे अधिक चांगला ठरत नाही. विचार करायचा तो अंकाचा.

हा अंक म्हणजे एका टायरने पूर्ण हवेवर जास्तीत जास्त किती वजन पेलायचे याचा संकेत. ५१ म्हणजे १९५ किलो, ५४ म्हणजे २१२, ५७ म्हणजे २३० आणि ६० म्हणजे २५० किलो. आता गाडीचे १६५ किलो, चालवणारा ७५, मागे बसणारी व्यक्ती ६० आणि सामान १५ किलो धरा. एकूण ३१५ किलो. मागे बसणाऱ्याचे आणि सामानाचे वजन जवळजवळ पूर्णपणे मागच्या चाकावर पडते, त्यामुळे एकूण भारापैकी ढोबळमानाने दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे २१० किलो, मागचा टायर उचलतो. ५४ अंकाची मर्यादा २१२ आहे. जोडीने फिरणाऱ्या सर्वसाधारण माणसांसाठी ५४ पुरतो, पण हाताशी फारसे काही शिल्लक राहत नाही, हे या आकड्यांवरून दिसते. त्यात हवा कमी असेल तर मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, टायर आतून तापतो आणि धागे सुटू लागतात.

ज्यांना शंका असेल त्यांनी प्रत्यक्ष वजन करावे. भंगाराच्या किंवा धान्याच्या दुकानात जमिनीलगतचा मोठा काटा असतो. मागचे चाक काट्यावर, पुढचे चाक तेवढ्याच उंचीच्या फळीवर, आणि नेहमीप्रमाणे दोघे व सामान गाडीवर. समोर एक माणूस हँडल धरून उभा. येणारा आकडा २०० च्या पुढे जात असेल आणि तुम्ही पुणे ते गोवा अशा लांब पल्ल्याच्या सहली करणार असाल, तर मागच्या चाकाला ३.५०-१९ आणि ५७ अंकाचा टायर घेणे शहाणपणाचे.

अंकाशेजारी ४पीआर किंवा ६पीआर अशी खूणही असते. ती भिंतीच्या ताकदीची श्रेणी आहे, आतल्या थरांची प्रत्यक्ष संख्या नव्हे. ५१ पेक्षा कमी अंकाचा, हलक्या गाड्यांसाठी केलेला टायर केवळ माप जुळते म्हणून बुलेटच्या मागच्या चाकाला कधीही लावू नये.

चौथी पायरी: रुंद टायरचा मोह

या विषयावर नवख्यांना सर्वांत जास्त चुकीचे सल्ले मिळतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, ही समजूत जुन्या बुलेटच्या बाबतीत टिकत नाही. टायरचा आकार रिम ठरवते. १.८५ इंची रिमवर ३.२५ चा टायर बसला की त्याच्या कडा योग्य अंतरावर राहतात आणि माथ्याचा गोलावा आखणी केल्यासारखा येतो. त्याच रिमवर चार इंची किंवा १२० मिलिमीटरचा टायर चढवला तर कडा आत ओढल्या जातात, भिंती बाहेर फुगतात आणि माथा टोकदार होतो. सरळ चालताना रस्त्याला टेकणारा भाग वाढण्याऐवजी अरुंद होतो, आणि वळणावर भिंत बाजूला डोलते. मागचे चाक वाऱ्यावर हलल्यासारखे वाटते ते याच कारणाने. मालक मात्र स्विंग आर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्यांचे) बुश आणि शॉकॲब्झॉर्बर बदलत बसतो.

जागेचा प्रश्न वेगळाच. मागे डाव्या बाजूला चेन आणि चेनकव्हर, दोन्ही बाजूंना स्विंग आर्म, वर मडगार्ड. उभ्या गाडीत बोटभर जागा दिसते. पण चेन ताणली की चाक मागेपुढे सरकते, दोघे बसले की मडगार्ड खाली येते, आणि वेगात टायर किंचित फुगतो. ३.५०-१९ बुलेट ३५० च्या मागे बसतो, कारण तेच माप ५०० च्या मागच्या चाकाचे आहे. त्यापुढे जाऊ नये. पुढच्या चाकाला तर ३.२५ सोडून काही लावण्याची गरजच नाही. पुढे रुंद टायर आला की हँडल जड होते, आणि बुलेटचा तो संथ, ठाम कल घेण्याचा स्वभाव हरवतो. या गाडीचे सुकाणू ज्या टायरवर जुळवले गेले, त्या टायरवर ती जशी चालते, तशी दुसऱ्या कशावरही चालत नाही, हे मी पूर्ण खात्रीने सांगतो.

आणखी एक मिश्रण टाळावे. एका चाकाला रेडिअल (आतले धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे असलेला) आणि दुसऱ्याला साधा बायस पद्धतीचा (धागे एकमेकांना तिरके छेदणारा) टायर लावू नये, कारण दोघांच्या भिंती वेगवेगळ्या रीतीने वाकतात आणि गाडीचा तोल बिघडतो. जुन्या बुलेटला दोन्हीकडे बायस टायरच हवेत, आणि या मापात प्रामुख्याने तेच मिळतात.

पाचवी पायरी: नक्षी

जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांना पुढे सरळ धारांचा रिब टायर आणि मागे ठोकळ्यांच्या नक्षीचा टायर लावण्याची पद्धत होती. त्यामागे कारण आहे. पुढचे चाक दिशा देते, त्यामुळे लांब सरळ धारा गाडी रेषेत ठेवतात; मागचे चाक ढकलते, तिथे आडव्या कडा लागतात. डांबरी रस्त्यावर ही जोडी आजही उत्तम चालते आणि जुन्या गाडीला शोभतेही. मात्र काँक्रीटच्या रस्त्यावर लांबीच्या दिशेने खाचा पाडलेल्या असतील किंवा दोन पट्ट्यांमध्ये सांधा उंच-सखल असेल, तर रिब टायर त्या रेषेत ओढला जातो. घाबरून हँडल घट्ट धरू नये. सैल हाताने जाऊ द्यावे. लाल मातीच्या चिखलात तर त्या धारा भरून जातात आणि पुढचे चाक पूर्णपणे पकड सोडते. ज्यांचे गाव रत्नागिरी-सिंधुदुर्गात मुख्य रस्त्यापासून आत आहे, त्यांनी पुढेही ठोकळ्यांच्या नक्षीचा, सगळीकडे चालणारा टायर घ्यावा.

बटण टायर हे पूर्ण मातीच्या रस्त्यांसाठी आहेत. त्यांचे उंच ठोकळे डांबरावर वाकतात, ओल्या रस्त्यावर रस्त्याला टेकणारे रबरच कमी असते, आणि आवाज व थरथर वेगळी. शहरात मिरवण्यासाठी ते लावलेले पाहिले की वाईट वाटते.

रबराच्या जातीबद्दल एवढे पुरे: जास्त किलोमीटर चालणारे कडक रबर आणि चांगली पकड देणारे मऊ रबर यांत हौशी मालकाने मऊ बाजू निवडावी, कारण त्याचा टायर तसाही वयाने जाणार आहे.

सहावी पायरी: दुकानात

३.२५-१९ हे माप अजून सहज मिळते. एमआरएफची नायलोग्रिप ही मालिका बुलेटवाल्यांच्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे. सिएट आणि टीव्हीएस यांचे टायरही बाजारात दिसतात. परदेशी जुन्या गाड्यांचे शौकीन डनलॉपचा के७० मागवतात, तो १९ इंची मापांत बनतो आणि जुन्या छायाचित्रांतल्यासारखा दिसतो. पण मागवण्याचा खर्च आणि वाहतुकीत गेलेला काळ यांचा विचार आधी करावा. एमआरएफचा कारखाना गोव्यात उसगावला आहे, सिएटचे भांडुप, नाशिक आणि नागपूरला. तेव्हा टायर बनवणाऱ्या या मुलखात राहून तीन वर्षे दुकानाच्या माळ्यावर पडलेला माल आपण का घ्यावा?

टायर घेताना तो प्रत्यक्ष हातात घेऊन तारीख वाचा. दोन्ही टायरची तारीख सहा महिने ते वर्षभराच्या आतली असावी. आयएसआयची खूण पाहा. दर्शनी भागात उन्हात टांगलेला टायर नको, आणि वर्षानुवर्षे एकावर एक रचून चेपलेलाही नको. ‘तारखेने काय होते, कोरा आहे’ असे म्हणणाऱ्या दुकानदाराशी वाद घालू नका. दुसऱ्या दुकानात जा. रिमोल्ड केलेला, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवलेला, टायर दुचाकीला कोणत्याही किमतीत घेऊ नये.

सातवी पायरी: ट्यूब, पट्टी आणि रिम

आरे असलेल्या रिमला ट्यूब लागतेच, कारण प्रत्येक निपलच्या, म्हणजे आरा रिमला आवळून धरणाऱ्या छोट्या नटच्या, छिद्रातून हवा जाऊ शकते. टायरवर ट्यूबलेस असे छापलेले असले तरी तो ट्यूब घालून या रिमवर वापरता येतो, उलट मात्र करता येत नाही. नव्या टायरबरोबर नवी ट्यूब घ्यावी. जुनी ट्यूब वापरात ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि घडीवर ती फाटते. ट्यूबवरचे माप टायरच्या मापाशी जुळले पाहिजे.

चाक उघडले आहे तर रिमची आतली बाजू पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्रोम बाहेरून चकचकीत असला तरी आत गंज असतो. तो तारेच्या ब्रशने काढून रंगाचा हात द्यावा. निपलमधून आऱ्याचे टोक वर आले असेल तर कानशीने सपाट करावे. त्यावर रबराची पट्टी नवी बसवावी, वॉल्व्हचे छिद्र बरोबर छिद्रावर आणून. चाक फिरवून रिमला आऊट आहे का, म्हणजे ती फिरताना डोलते का, तेही याच वेळी पाहावे आणि सैल आरे जाणकार माणसाकडून ताणून घ्यावेत, कारण टायर चढल्यावर आऊट काढणे अवघड जाते. खड्ड्यात बसलेला खोल पोचा ठोकून सरळ करण्याऐवजी रिम बदलणे योग्य.

आठवी पायरी: टायर चढवणे

हे काम पंक्चरच्या दुकानात करून घेतले तरी समोर उभे राहून पाहावे, आणि पुढील गोष्टी शांतपणे सांगाव्यात.

बाजूच्या भिंतीवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने यायला हवा. काही टायर पुढे आणि मागे दोन्हीकडे चालतात. त्यांवर पुढच्या चाकासाठी एक बाण आणि मागच्यासाठी उलट दिशेचा दुसरा असतो, कारण पुढच्या टायरवर मुख्य ओढ ब्रेकची आणि मागच्यावर इंजिनाची येते. भिंतीवर रंगाचा ठिपका असेल तर तो टायरच्या सर्वांत हलक्या जागेची खूण आहे. तो वॉल्व्हसमोर आणावा.

ट्यूबला टाल्कम पावडर लावून तिच्यात नावापुरती हवा भरावी, इतकी की ती गोल होईल पण ताणणार नाही. अशी ट्यूब आत घातली की तिला पीळ पडत नाही आणि लिव्हरच्या टोकाखाली ती सापडत नाही. नव्या ट्यूबचे सर्वाधिक नुकसान याच क्षणी होते. टायरच्या कडेला साबणाचे पाणी लावावे, ग्रीस किंवा तेल नव्हे. शेवटची कड चढवताना समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात पायाने दाबून ठेवावी. मग लिव्हर जोरात ओढावा लागत नाही. काम वॉल्व्हच्या जागी संपवावे, आणि कड चढताच वॉल्व्ह एकदा आत ढकलून पाहावा, म्हणजे ट्यूब कडेखाली अडकलेली नाही याची खात्री होते. रिमचा क्रोम वाचवायचा असेल तर लिव्हरखाली जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवायला सांगा, आणि हातोड्याने कड ठोकू देऊ नका.

मग हवा. दोन्ही बाजूंना रिमलगत टायरवर एक बारीक उंच रेषा असते. ती रिमच्या कडेपासून चहूकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती आत गेली असेल तर हवा सोडून, पुन्हा साबणाचे पाणी लावून भरावी. भिंतीवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर जाऊन टायर जबरदस्तीने बसवू नये. वॉल्व्हवरची छोटी नट रिमवर आवळू नका. ती टोपीजवळ वर सरकवून ठेवा. ट्यूब आतल्या आत सरकू लागली तर वॉल्व्ह तिरका होतो आणि हा इशारा वेळेत मिळतो, नट आवळलेली असेल तर वॉल्व्ह मुळाशी फाटूनच कळते.

नववी पायरी: हवेचा दाब आणि पहिले किलोमीटर

जुन्या मार्गदर्शक पुस्तिकेत बुलेट ३५० साठी एकट्याने चालवताना पुढे १८ आणि मागे २८ पौंड, तर दोघे असताना पुढे २० आणि मागे ३० पौंड असा दाब दिलेला आहे. नवे टायर लावल्यावर हे आकडे मी किमान मर्यादा मानतो. तिथून सुरुवात करून दोन-दोन पौंड वाढवत जावे: हँडल जड आणि वळणावर मठ्ठ वाटले तर पुढचा वाढवा, लहान खड्ड्यांवरही चाक उडू लागले तर कमी करा. पूर्ण सामानासह दोघे असाल तर मागच्या टायरला भिंतीवर छापलेल्या कमाल दाबाच्या जवळपास नेणे योग्य, कारण तिसऱ्या पायरीतली भारक्षमता त्याच दाबावर गृहीत धरलेली असते. दाब नेहमी थंड टायरचा मोजावा. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी तीस किलोमीटर चालून आल्यावर मोजलेला आकडा चार-पाच पौंड जास्त दिसतो. तो पाहून हवा सोडली तर सकाळी टायर कमी हवेवर उभा असतो. पेट्रोल पंपावरच्या यंत्रापेक्षा स्वतःचा छोटा मापक खिशात ठेवावा.

नव्या टायरचा पृष्ठभाग साच्यातून निघाल्यामुळे गुळगुळीत असतो. पहिले दीडशे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर, हळूहळू कल वाढवत चालवावेत. जोराचा ब्रेक आणि ओल्या वळणावरची घाई तोपर्यंत टाळावी. टायर चमकवण्यासाठी मिळणारी तेलकट पॉलिश लावू नये, ती माथ्यावर आली की पकड जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी दाब पुन्हा मोजा. दोन पौंडांहून अधिक उतरला असेल तर ट्यूबला लिव्हर लागलेला आहे, चाक उघडा. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर आरे, एक्सलच्या नटा आणि चेनचा ताण पाहा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ती मेन स्टँडवर, सावलीत, पुढच्या चाकाखाली फळी देऊन आणि दोन्ही टायरमध्ये पूर्ण हवा ठेवून उभी करा.